माफीनाम्यावर अंगठा द्यायचा का?

(माजिवडा येथे झालेल्या पाडा-प्रतिनिधींच्या बैठकीत एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे. ज्या पाड्यांतून कुणी येऊ शकलं नाही, तिथे हे मोठ्याने वाचून दाखवावं.)



बैठक माजिवड्याला घेतली कारण आग्रा रोड आणि घोडबंदर रोड इथे मिळतात. शहापूर-भिवंडीकडच्यांना एकाच एस.टी.ने येता येतं, येऊरची माणसं तर डोंगर उतरून चालत आली आहेत. इथून पुढे ठाण्याला कोर्टनाक्यावर कलेक्टर कचेरी, कोर्ट आणि जेल, तिन्ही शेजारी शेजारी. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ही तिन्ही ठिकाणं बघितली आहेत. काहींनी नको तितकी बघितली आहेत.

आज मला एका कागदाबद्दल बोलायचं आहे. तो कागद गेल्या महिन्यापासून पाड्यापाड्यांत फिरतो आहे. काही जणांच्या घरी तो छपराच्या बांबूत खोचून ठेवलेला मी बघितला. त्यावर लिहिलंय त्याचा अर्थ असा: आम्ही सरकारी जंगलात बेकायदा अतिक्रमण केलं, झाडं तोडली, त्याबद्दल आम्ही माफी मागतो, पुन्हा असं करणार नाही, सबब आमच्यावरची केस काढून घ्यावी. खाली सहीची किंवा अंगठ्याची जागा. कागद आणणारा म्हणतो, सरकार मोठ्या मनाचं आहे, अंगठा द्या आणि मोकळे व्हा.

अंगठा द्यायचा की नाही, हे आज ठरवायचं आहे. मी माझं मत सांगते. पण आधी माफी ही काय चीज आहे, ती कुणाला मिळते, कशी मिळते, हे थोडं समजून घेऊ. मी बारावीपर्यंतच शिकले आहे. पण संघटनेच्या वकिलांकडे बसून मी हे वाचलं, न कळलं ते चार-चार वेळा विचारलं, आणि मला जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

माफीचा अधिकार कशासाठी आहे

राज्यघटनेत कलम १६१ आहे. त्याने राज्यपालाला अधिकार दिला आहे की कोर्टाने दिलेली शिक्षा माफ करायची, कमी करायची, किंवा थांबवून ठेवायची. असाच अधिकार कलम ७२ने राष्ट्रपतींना आहे. राज्यपाल हे एकट्याच्या मनाने करत नाहीत. मंत्रिमंडळ सांगतं, ते सही करतात. १९८० साली मारू राम नावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट सांगितलं, आणि असंही म्हटलं की हा अधिकार मनमानी वापरायचा नाही.

हा अधिकार वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट तो असलाच पाहिजे. कोर्ट म्हणजे माणसंच. माणसं चुकतात. ज्याच्याकडे चांगला वकील नाही, ज्याला कोर्टाची भाषा कळत नाही, ज्याचे साक्षीदार मजुरी बुडते म्हणून तारखेला येत नाहीत, त्याला चुकीची शिक्षा होऊ शकते. सगळी कोर्टं संपल्यावर अशा माणसासाठी एक शेवटचं दार उघडं असावं, म्हणून माफी. म्हणजे माफी खरी कुणासाठी? ज्याचं कुणी नाही त्याच्यासाठी.

आता बघू, आपल्या राज्यात ते दार कुणासाठी उघडलं.

एका दिवसात आलेला हुकूम

म्हाताऱ्या माणसांना नानावटी खटला आठवत असेल. कावस नानावटी हा नौदलातला मोठा अधिकारी. २७ एप्रिल १९५९ला त्याने मुंबईत प्रेम आहुजा नावाच्या माणसाला गोळ्या घातल्या आणि स्वतः पोलिसात हजर झाला. त्या वेळी ज्युरी असायची. नऊ जणांच्या ज्युरीतल्या आठ जणांनी तो निर्दोष ठरवला. सेशन जज्जाला ते पटलं नाही. त्याने खटला हायकोर्टात पाठवला. हायकोर्टाने ११ मार्च १९६०ला नानावटीला खुनाबद्दल जन्मठेप दिली.

आता नीट ऐका. त्याच दिवशी, म्हणजे ११ मार्चलाच, राज्यपाल श्रीप्रकाश यांचा हुकूम निघाला. नानावटीचं अपील सुप्रीम कोर्टात संपेपर्यंत शिक्षा थांबवली, आणि तोवर तो साध्या जेलात न जाता नौदलाच्याच ताब्यात राहील. शिक्षा आणि शिक्षेला थांबवणारा कागद, दोन्ही एकाच दिवशी. आपल्या माणसाचा जामिनाचा कागद एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जायला किती दिवस लागतात, हे इथे बसलेल्या बायकांना मी सांगायला नको.

सुप्रीम कोर्टाने पुढे सांगितलं की खटला आमच्यापुढे असताना राज्यपालांना असं मध्ये पडता येणार नाही. मग २४ नोव्हेंबर १९६१ला जन्मठेप कायम केली. म्हणजे कोर्टाने आपलं काम केलं. पण १९६४ साली तेव्हाच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटीला माफी दिली. जन्मठेपेतली सुमारे तीनच वर्षं तुरुंगात गेली होती. नंतर तो कुटुंबाला घेऊन कॅनडाला गेला.

त्याला माफी का मिळाली? ‘ब्लिट्झ’ पेपर त्याच्या बाजूने आठवड्यामागून आठवडे लिहीत होता. नौदल त्याच्या मागे होतं. मोठमोठ्या घरातली माणसं त्याच्यासाठी सभा घेत होती. लंडनला असताना त्याने कृष्ण मेनन यांच्या हाताखाली काम केलं होतं, आणि मेनन पुढे देशाचे संरक्षणमंत्री झाले. मी असं म्हणत नाही की कुणी पैसे खाल्ले. पैसे खाल्ल्याचं माझ्या वाचनात नाही. मी एवढंच म्हणते की त्याच्याकडे राजभवनापर्यंत जाणारा रस्ता होता. आपल्या पाड्यापासून राजभवनाला रस्ता नाही. मलबार हिलला जायला एस.टी. नाही.

आणखी एक गोष्ट. आहुजा सिंधी होता. सिंधी समाज चिडला होता. आपल्या कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर हजारो सिंधी निर्वासित आले, त्याचंच पुढे उल्हासनगर झालं, त्यामुळे हा समाज केवढा आहे हे आपल्याला माहीत आहे. त्यांची नाराजी कशी घालवायची? त्याच वेळी भाई प्रताप नावाच्या सिंधी व्यापाऱ्याचा माफीचा अर्ज सरकारकडे होता. आयात परवान्याचा गैरवापर केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली होती. ते स्वातंत्र्यचळवळीतले होते, निर्वासितांसाठी गांधीधाम उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मरणाऱ्याच्या बहिणीकडूनही नानावटीला माफी द्यायला हरकत नाही असं लिहून घेतलं. आणि मग एकाच दिवशी दोघांना माफी दिली. नानावटीला आणि भाई प्रतापना.

तराजू बघा कसा आहे. एका पारड्यात खून, दुसऱ्या पारड्यात परवान्याचा घोटाळा. या समाजाला एक, त्या समाजाला एक. भाई प्रतापांचा गुन्हा लहान असेल, त्यांचं काम मोठं असेल. कदाचित त्यांना माफी मिळायलाच हवी होती. पण मग ती त्यांच्या स्वतःच्या कारणासाठी, उघड सांगून द्यायची होती. दुसऱ्याच्या माफीवर पांघरूण घालायला का दिली? माफीचा व्यवहार झाला की न्याय बाजूला राहतो.

ज्यांना माफी नाही मिळाली

आता दुसरी दोन नावं सांगते. भूमय्या आणि किष्टा गौड. आपल्या चंद्रपूर-यवतमाळला लागून तेव्हा आंध्रात असलेला आदिलाबाद जिल्हा आहे, गोंड आदिवासींचा मुलूख. तिथल्या शेतकऱ्यांच्या लढ्यातली ही माणसं. जमीनदाराच्या खुनाबद्दल त्यांना फाशी झाली होती. देशभरातून किती लोकांनी त्यांच्यासाठी अर्ज केले. दयेचा अर्ज फेटाळला. कोर्टाने सांगितलं, दया हा सरकारचा विषय आहे. १ डिसेंबर १९७५ला, आणीबाणीत, दोघांना फाशी दिलं.

मी खुनाची बाजू घेत नाही. खून तो खूनच. पण नानावटीचाही खूनच होता ना? एकाने रागाच्या भरात मारलं म्हणून त्याला माणूस समजून घेतलं. दुसऱ्यांनी पिढ्यान् पिढ्यांच्या जुलमातून मारलं, त्यांना कुणी समजून घ्यायला बसलं नाही. फाशी रद्द करून जन्मठेप केली असती तरी चाललं असतं. तेवढीही माफी त्यांच्या वाट्याला आली नाही.

आणि लांब कशाला जायचं? इथल्या ठाण्याच्याच जेलात २ मे १८४८ला राघोजी भांगरेला फासावर दिलं. महादेव कोळ्यांचा राघोजी. सावकारांच्या विरुद्ध उठला, इंग्रजांच्या विरुद्ध उठला. आपण कोर्टाच्या तारखेला जातो तेव्हा त्याच भिंतीच्या बाजूने जातो. पोरांना तारखेला घेऊन जाल तेव्हा ती भिंत दाखवा.

खटल्याच्या आधीचीच माफी

माफीचे आणखी प्रकार आहेत. शिक्षा झाल्यावर मिळते ती एक. पण खटला सुरूच होऊ द्यायचा नाही, ही त्याहून मोठी माफी. अमेरिकेत निक्सन राष्ट्राध्यक्ष होता. वॉटरगेटच्या भानगडीत त्याला खुर्ची सोडावी लागली. त्याच्या जागी आलेल्या फोर्डने एक महिन्याने, ८ सप्टेंबर १९७४ला, त्याला सगळ्या गुन्ह्यांची माफी देऊन टाकली. खटला नाही, साक्ष नाही, काही नाही.

आपल्याकडे हे दुसऱ्या रीतीने होतं. लाचलुचपतीच्या कायद्यात असं आहे की सरकारी पदावरच्या माणसावर खटला भरायला आधी वरची मंजुरी लागते. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हा सिमेंटचा तुटवडा होता. बिल्डरांना सिमेंटचा कोटा आणि त्यांच्याकडून ट्रस्टला देणग्या, हा विषय हायकोर्टात गेला. जानेवारी १९८२मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल त्यांच्या विरुद्ध दिला, अंतुल्यांनी राजीनामा दिला. मग खटला. त्यात पहिला वाद कसला? सिमेंटचा नाही, देणग्यांचा नाही. मंजुरी घेतली का, ती कुणाची घ्यायची, राज्यपालांची की आणखी कुणाची, याचा. ते करता करता १९८४ उजाडलं, तेव्हा सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पद सोडल्यावर त्या पदासाठीची मंजुरी लागत नाही. आणि १९८८ साली सात न्यायमूर्तींनी बसून खटला कुठल्या कोर्टात चालवायचा तो आधीचा हुकूमच रद्द केला. गुन्हा शाबीत झाला असं मी म्हणत नाही, ते कोर्टाचं काम. पण बघा, खटल्याच्या दाराला कुलूप आणि किल्ली सरकारच्याच कनवटीला.

आपल्यासाठी असं कुलूप नाही. आपल्या माणसावर केस करायला कुणाची मंजुरी लागत नाही. गार्डाच्या वहीतली एक ओळ पुरते.

आपल्या पाड्यावरचा राज्यपाल

आता मी पाड्यावर येते. तुम्ही म्हणाल, राजभवनाच्या गोष्टी आम्हाला कशाला? त्याचं कारण हे की माफीचा अधिकार फक्त राजभवनात नाही. आपल्या डोंगरावरसुद्धा एक राज्यपाल फिरतो.

१९२७चा जंगल कायदा आहे, इंग्रजांनी केलेला. त्यात कलम ६८ आहे. जंगलातल्या गुन्ह्याचा संशय असलेल्या माणसाकडून भरपाईची रक्कम घेऊन गुन्हा तिथल्या तिथे मिटवायचा अधिकार सरकारने नेमलेल्या जंगल अधिकाऱ्याला त्या कलमाने दिला आहे. रक्कम भरली की पुढे खटला नाही, जप्त केलेला माल सोडायचा. आपण ह्याला ‘कंपाउंड केलं’ म्हणतो. कायदा लिहिणाऱ्याने कदाचित विचार केला असेल की बारीकसारीक गोष्टीसाठी गरिबाला कोर्टात कशाला ओढायचं. ठीक आहे.

पण ते आपल्याकडे कसं चाललं, ते माझ्या बापाची गोष्ट सांगून सांगते.

मी सातवीत होते. बाप राबासाठी टहाळ तोडायला गेला होता. राब भाजल्याशिवाय नागलीचं रोप होत नाही, हे जंगल सांभाळणाऱ्या माणसालाही माहीत असतं. एका गार्डाने त्याला धरलं, कोयता घेतला. म्हणाला, केस करतो, तारखा खा. बाप हातापाया पडला. मग गार्ड म्हणाला, बरं, माफ करतो. त्या माफीची किंमत: चाळीस रुपये, एक तलंग, आणि आठ दिवस फुकट रोपांना पाणी घालायचं. आईने तलंग धरून दिली, ती नुकती अंड्यावर येणार होती. बापाने आठ दिवस पाणी घातलं. कोयता परत मिळाला. पावती मिळाली नाही.

बाप घरी येऊन म्हणाला, माणूस चांगला आहे, माफ केलं. हे वाक्य मी अजून विसरले नाही. चाळीस रुपये, कोंबडी आणि आठ दिवसांची मजुरी घेतली, आणि वर उपकार केले. लाच घेणारा लाच म्हणत नाही, माफी म्हणतो. त्यामुळे आपणही तक्रार करत नाही. माफ करणाऱ्याची कुणी तक्रार करतं का?

आता ह्या पावतीचं पुढे काय झालं ते ऐका.

१९७८च्या डिसेंबरात सरकारने ठराव काढला की ३१ मार्च १९७८पर्यंतची सरकारी आणि जंगल जमिनीवरची अतिक्रमणं अटींवर नियमित करायची. पुढे १९८०चा वनसंवर्धन कायदा आला, दिल्लीच्या परवानगीशिवाय काही हलेना. पण प्लॉटचा दावा लावायला गेलं की साहेब काय विचारतो? पुरावा आणा. कसला पुरावा? तलाठ्याच्या एक-ई नोंदवहीत नाव आहे का? जंगल खात्याची दंडाची पावती आहे का? म्हणजे ज्याला दंड झाला आणि पावती मिळाली, तो जमीन कसत होता असं धरायचं. ज्याच्याकडून कोंबडी नेली, त्याच्याकडे कागद नाही, म्हणून तो कसतच नव्हता!

बघा हा खेळ. माझ्या बापाला ‘माफ’ केलं, आणि त्या माफीने त्याच्या जमिनीचा पुरावा खाल्ला. त्या दिवशी दंड करून पावती फाडली असती तर आज आमचा दावा उभा राहिला असता. १९९१ साली महाराष्ट्रातल्या आदिवासींच्याच अर्जावर सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की कागदाशिवाय दुसराही पुरावा बघा, तेव्हा कुठे थोडी वाट झाली. संघटनांनी कोर्टात जाऊन ते मिळवलं, कुणाच्या माफीने मिळालं नाही.

आणि याच रस्त्याने जरा नजर टाका. घोडबंदर रोडला इमारती उठत आहेत. परवानगी न घेता बांधलं की पैसे भरून ‘नियमित’ करून घेतात. त्यांच्या चुकीला नियमित करणं म्हणतात, तिला माफीनामा लागत नाही. आपण बापजाद्यांची जमीन कसली तर मात्र आधी गुन्हा कबूल करायचा.

मग अंगठा द्यायचा का?

म्हणून आता त्या छपरातल्या कागदाकडे येते.

माझं मत आहे की अंगठा द्यायचा नाही. तीन कारणं सांगते.

पहिलं. माफी मागितली म्हणजे गुन्हा कबूल. कागदावर लिहिलंय ‘बेकायदा अतिक्रमण केलं’ आणि ‘पुन्हा करणार नाही’. उद्या तोच कागद प्लॉटच्या दाव्यात समोर येईल. साहेब म्हणेल, तुम्हीच लिहून दिलंय की जमीन तुमची नाही आणि तुम्ही ती सोडणार. केस जाईल आणि जमीनही जाईल. पावती नव्हती म्हणून एकदा बुडालो, आता कागद दिला म्हणून बुडू.

दुसरं. केस काढून घ्यायला आपल्या माफीची गरजच नाही. फौजदारी कायद्यात २०२४पर्यंत कलम ३२१ होतं, आता त्या जागी नव्या कायद्यातलं कलम ३६० आहे. सरकारी वकील कोर्टाच्या संमतीने खटला मागे घेऊ शकतो. त्यात आरोपीने माफी मागितली पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. सरकारला खरंच मोठं मन असेल तर त्यांनी ते वापरावं.

तिसरं. हा कागद घेऊन येणारा प्रत्येकाला एकेकटा गाठतो. एकाला म्हणतो, शेजाऱ्याने दिला अंगठा, तू राहशील मागे. दुसऱ्याला म्हणतो, मीटिंगला कोण कोण असतं तेवढं सांग, तुझी केस आधी काढतो. कोर्टात ह्याला एक नाव आहे, माफीचा साक्षीदार. एकाला माफी द्यायची ती दुसऱ्याला अडकवण्यासाठी. सगळ्यांना मिळून उघड मिळेल तीच माफी घ्यायची. एकट्याला अंधारात मिळते ती माफी नाही, गळ आहे.

मला माहीत आहे, बोलणं सोपं आहे. तारखेला गेलं की मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, वकिलाचा चहा होतो, आणि शिरस्तेदार पुढची तारीख देतो. माझा बाप आता थकला आहे. परवा रात्री तो मला म्हणाला, दे की अंगठा, मरायच्या आधी एकदा सुटतो तरी. मी त्याला उत्तर देऊ शकले नाही. ज्या कुणी आधीच अंगठा दिला असेल, त्याच्याकडे बोट दाखवू नका. तो लोभी नाही, दमलेला आहे. त्याला सोबत घ्या. अंगठा कसा घेतला, काय सांगून घेतला, हे त्याच्याकडून लिहून घ्या. तेही आपल्याला कामाला येईल.

आपल्या घरातली माफी

एक गोष्ट आणखी बोलायची आहे. ती बोलू का नको, याचा मी दोन दिवस विचार केला.

गेल्या पावसाळ्यात प्लॉटचे फॉर्म भरताना आपल्याच एका कार्यकर्त्याने तीन पाड्यांत घरटी वीस-वीस रुपये घेतले. संघटनेने फॉर्मला एक पैसाही ठरवला नव्हता. हे कमिटीला कळलं. कमिटीने त्याला बोलावलं, समज दिली, आणि विषय मिटवला. कारण काय? तो जुना आहे, त्याने मार खाल्लाय, तुरुंगात जाऊन आलाय, चळवळीसाठी घर सोडलंय. हे सगळं खरं आहे. मी त्याला भाऊ म्हणते. पण मीही त्या कमिटीत बसले होते आणि मीही मान हलवली.

आज सकाळी भाई प्रतापांची गोष्ट परत वाचताना मला माझीच लाज वाटली. आपण तेच केलं. काम मोठं म्हणून माफ केलं, बंद खोलीत माफ केलं, आणि ज्यांचे वीस रुपये गेले त्या बायकांना विचारलंसुद्धा नाही. माफ करायचा अधिकार त्या बायकांचा होता, आमचा नव्हता.

सरकारला जे सांगायचं ते आधी आपण करू. त्या भावाने त्या तीन पाड्यांत जाऊन, सगळ्यांसमोर, पैसे परत द्यावेत. नसतील तर किती दिवसांत देणार ते सांगावं. मग त्या पाड्यांनी माफ केलं तर तो आमचा कार्यकर्ता. अशी माफी मी मान्य करीन. ह्याच्यात त्याचा अपमान नाही. गुपचूप माफीने त्याच्यावरचा डाग तसाच राहतो, उघड माफीने तो धुतला जातो.

काय मागायचं

म्हणून माझी सूचना अशी आहे. त्यावर सगळ्यांनी बोलावं, आणि मगच ठराव करावा.

एक. माफीनाम्याचे कोरे कागद प्रत्येक पाड्याने गोळा करून संघटनेकडे द्यावेत. फाडायचे नाहीत, तो पुरावा आहे.

दोन. प्रत्येक पाड्याने आपल्यावरच्या जंगल केसेसची यादी करावी: नाव, केस नंबर, कुठलं साल, काय आरोप, आजपर्यंत किती तारखा झाल्या. ती यादी घेऊन आपण सगळे मिळून कलेक्टर कचेरीवर जाऊ आणि लेखी मागू की हे खटले मागे घ्या. माफी नको, हक्काने.

तीन. सरकार ज्या कुणाची शिक्षा माफ करतं किंवा खटला मागे घेतं, मग तो मंत्री असो की मजूर, त्याचं नाव, गुन्हा, शिफारस कुणाची आणि कारण काय, हे कचेरीच्या फळ्यावर लागलं पाहिजे. १९८८च्या डिसेंबरात केहर सिंगच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की माफीसाठी ठराविक नियम बांधून देण्याची गरज नाही. नियम नसतील तर नसोत, निदान कारण तरी लोकांना कळू दे. कारण लिहायला लागलं की हात जरा थरथरतो.

चार. पावतीशिवाय कुणालाही काही द्यायचं नाही. पैसा नाही, कोंबडी नाही, दारू नाही, फुकटची मजुरी नाही. जो म्हणेल ‘माफ करतो’, त्याला सांगायचं, साहेब, माफ नका करू, पावती फाडा.

शेवटचं एकच. माझ्या बापाला काय उत्तर द्यायचं ते मला आज इथे येताना सुचलं. मी त्याला सांगणार आहे, बाबा, तू काही चोरलं नाहीस. टहाळ तोडला तो नागलीसाठी, नागली लावली ती आमच्या पोटासाठी. माफी मागायची असेल तर ज्याने ती तलंग नेली त्याने आईची मागावी. येत्या तारखेला मी तुझ्याबरोबर कोर्टनाक्यावर येते, आणि तुझं गाडीभाडं मी भरते.

तुम्हीही आपापल्या माणसाबरोबर जा. कुणाला एकट्याला तारखेला पाठवू नका.

जिंदाबाद.